पट एकोणीस, हजर एकोणीस

शाळेत साहेब आला की जाण्याआधी एका वहीत चार ओळी लिहितो आणि खाली सही करतो. आम्ही मास्तर लोक त्या वहीला शेरेबुक म्हणतो. तांदळाचं पोतं उंदरांनी फोडलं तर चालतं, घंटा चोरीला गेली तर चालतं, पण शेरेबुक गहाळ झालं तर थेट नोकरीवर येतं, हे मला रुजू झाल्या दिवशीच बजावण्यात आलं होतं. बजावणारे माझ्या आधीचे गुरुजी. त्यांनी चावी दिली, शेरेबुक दिलं, एक मोडकी खुर्ची दाखवली आणि दुपारच्या पॅसेंजरनं जे गेले, ते मागं वळून बघितलंही नाही. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात खूप नावं ठेवली. आठवडाभरानं कळलं की त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. शेरेबुकाच्या पहिल्या पानावर 'जिल्हा भंडारा' असा शिक्का होता. गुरुजींनी तो खोडून वर निळ्या पेननं 'गोंदिया' लिहिलं होतं. नवा जिल्हा आमच्या शाळेपर्यंत पोचल्याचा तेवढाच पुरावा. शाळा सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनवरून दीड तास पायी. एक खोली, पुढं ओसरी, पहिली ते चौथीची एकोणीस मुलं आणि शिक्षक म्हणून मी एकटी. मी शिक्षणसेवक होते. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, शेरे चांगले पडले तर कायम व्हायचं, नाहीतर घरी आईशेजारी बसून बिड्या वळायच्या.

मी गोंदिया शहरातली. आमच्या मोहल्ल्यात पलीकडच्या घरात कोणी शिंकलं तरी इकडून विचारपूस व्हायची. इथं पाचला मुलं गेली की माझं तोंड बंद व्हायचं ते दुसऱ्या दिवशी प्रार्थनेलाच उघडायचं. मुलं घरी गोंडी बोलत, शेजारची म्हातारी छत्तीसगढी, आणि माझी अर्धी हिंदी, अर्धी मराठी ऐकून दोघंही हसत. एका सुटीच्या दिवशी मी माझ्याच आवाजाला दचकले. दूध सांडलं म्हणून मी मांजरीला शुद्ध पुस्तकी मराठीत रागवत होते. त्या दिवशी मला रडू आलं. का आलं ते मांजरीलाही सांगता आलं नाही.

वाचायला जवळ काही नव्हतं म्हणून मी शेरेबुक वाचायला लागले. फार जुनी वही होती. सुरुवातीच्या पानांवर टाकाच्या शाईतली वळणदार अक्षरं. कोणी एक निरीक्षक सायकलनं यायचे. 'सायकल पंक्चर झाल्याने पोचण्यास विलंब झाला. पाढे तोंडपाठ आहेत, परंतु उलटे विचारल्यास मुले गडबडतात. विहिरीस कठडा नाही.' पुढच्या वर्षी, 'विहिरीस कठडा अद्याप नाही.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'कठडा पाहून समाधान वाटले.' आणि एका पानावर तेच अक्षर: 'गुरुजींचा चेहरा उतरलेला दिसला. घरून बरेच दिवस पत्र नसल्याचे कळले. पोस्टात चौकशी करीन.'

हे शेवटचं मी किती वेळा वाचलं असेल याला गणती नाही. कोणीतरी इतक्या लांब सायकल हाणत आलं, आणि पोरांचे पाढे ऐकता ऐकता मास्तरच्या चेहऱ्याकडं बघितलं. मलाही तेवढंच हवं होतं. कोणीतरी यावं, बघावं, आणि आलो होतो असं लिहून जावं.

कोणी येत नसे. माघात कचारगडच्या जत्रेला जाणारी माणसं चार-पाच दिवस समोरच्या रस्त्यानं जात, झेंडे, बैलगाड्या, जीपा. एकही शाळेकडं वळत नसे. मी ओसरीत उभी राहून बघायची. खिचडी शिजवणारी बाई भांडी घासता घासता म्हणायची, "कोनाची वाट पाहून राहिली वो मॅडम? इथं साहेब कायले येतीन? इथं का हाये?"

पण शेरेबुक बघाल तर आमची शाळा म्हणजे साहेबांचा राबता! दर महिन्याला भेट. 'शाळेस भेट दिली. पट १९, हजर १६. अध्यापन समाधानकारक.' ही किमया अशी होती की आमच्या शाळेत साहेब येत नसे, शेरेबुकच साहेबांकडं जाई. महिन्याला एकदा आसपासच्या सगळ्या शाळांच्या मास्तरांची मोठ्या गावच्या शाळेत बैठक व्हायची. प्रत्येकाच्या पिशवीत डब्यासोबत शेरेबुक. चहा झाला की केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या वीसेक शाळांवरचे साहेब, चष्मा लावून बसायचे आणि एकेकाची वही ओढायचे. "बोला मॅडम, कोनती तारीख टाकू? पट सांगा. हजर सांगा." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, ते मी त्या टेबलाशी उभं राहून बघितलं.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे लिहिलं पाहिजे. दोन्ही गुडघे गेलेले, स्कूटर त्यांच्याहून म्हातारी, आणि नक्षल्यांच्या भीतीनं आमच्या भागात दुपारनंतर जाऊ नका असं वरूनच सांगितलेलं. माझ्या पिशवीत बळेच शेंगदाणे घालायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मनानं मी येतोच तुमच्या शाळेत." मनानं येणाऱ्याला चहा करावा लागत नाही, ही एक सोय. मी तोंड वर करून बोलण्यातली असूनही इथं गप्प राहायची, कारण माझी तीन वर्षं त्यांच्या पेनात होती.

शेवटी माझ्या शाळेत खरा पाहुणा आला, तो माझा बाप.

बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये हमाल होते. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागायची ती लहानपणी मीच ठोकायची, त्यांच्या नावाची, मोठ्या झोकात. पुढं साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ते सही शिकायला बसले आणि गिरवायला नमुना म्हणून माझं जुनं प्रगतिपुस्तक घेऊन बसले. त्यामुळं बाबांची सही म्हणजे माझंच लहानपणचं अक्षर होतं, फक्त जास्त जोर देऊन काढलेलं. ती आल्यापासून ते अंगठ्याची शाई जवळ येऊ देत नसत. रेशनच्या दुकानात, बँकेत, कुठंही "पेन दो भाई" म्हणून हात पुढं करायचे.

दिवाळीनंतर धानाची कापणी सुरू होती. मिलचा बॉयलर बिघडला, दोन दिवस सुटी मिळाली, आणि हा माणूस कोणाला न सांगता पहाटेच्या गाडीत बसला. कापणीच्या दिवसांत माझी निम्मी शाळा बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, असायची. त्या सकाळी मी सात पोरं घेऊन बसले होते. अकराच्या सुमाराला रस्त्यावर गलका ऐकू आला म्हणून ओसरीत आले, तर पुढं बाबा, डोक्याला दुपट्टा, आणि मागं माझी उरलेली बारा पोरं, पायांना चिखल, हातात विळे. बाबा बांधीबांधीत थांबून शाळेचा रस्ता विचारत आले होते आणि विचारता विचारता पोरं गोळा करत आले होते.

"हे सगळे तुहेच ना?" ते मला म्हणाले. "इकडं तिकडं पडले होते."

मी हसले. किती महिन्यांनी हसले कोण जाणे, पोटात दुखलं. मग हजेरी घेतली. एकोणीसच्या एकोणीस. रुजू झाल्यापासून पहिल्यांदा.

बाबांना गप्प बसवत नव्हतं. त्यांनी एका पोराच्या हातून नव्या धानाची लोंबी घेतली, तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि दाणे पाटीवर ठेवले. "गिनो." दहा दाणे होते. त्यातले तीन तुटलेले. "दहात तीन कनकी. मंग हे धान मिलवाला घेईन का नाही?" पोरांनी ओसरीभर धान चोळलं. दहात दोन, दहात चार, विसात पाच. ज्या अपूर्णांकांनी मला महिनाभर रडवलं होतं ते पोरांना तासाभरात आले. मी फळ्यावर लिहीत गेले आणि बाबा खालून ओरडत गेले. चौथीतल्या एका मुलीनं तर बाबांनाच पकडलं की त्यांनी एक दाणा चुकीचा मोजला.

जेवण झालं, खिचडी बाबांना आवडली. मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या शेरेबुकाकडं गेलं.

"हे कायचं आहे?"

"पाहुणे आले की त्यात लिहितात."

बाबांनी हात पायजम्याला पुसले. "मंग दे ना पेन. मी सही करतो."

आणि मी म्हटलं, "नाही बाबा. ते साहेब लोकांसाठी असतं."

असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पालकांनी, गावकऱ्यांनी लिहिलेलं चालतं, उलट बरंच असतं. पण तेव्हा मला वाटलं, उद्या केंद्रप्रमुख हे पान उघडतील, हमालाची जाडजूड सही बघतील आणि काय म्हणतील. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. बापाची लाज वाटली, एवढं ते साधं आहे. वर्षानुवर्षं मी त्याला नियमाचं नाव देत राहिले.

"काऊन वो," बाबा म्हणाले, "मी पाहुना नाही का?" पण चिडले नाहीत. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर कोपऱ्यात जागा शोधली आणि तिथं सही केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुपारच्या गाडीला मी त्यांना अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख आणि सुविचार लिहायला फळा पुसला. नेहमीसारखा पुसला, कोपऱ्यासकट.

त्या महिन्याच्या बैठकीत साहेबांनी माझं शेरेबुक ओढलं. "कोनती तारीख टाकू?"

माझ्याकडं पूर्ण हजेरीचा एकच दिवस होता. मी तीच तारीख सांगितली. पट एकोणीस, हजर एकोणीस.

"अरे वा! कापनीच्या दिवसात? काय घेतलं त्या दिवशी?"

मी सांगत सुटले. बांध्यांमधून पोरं गोळा करून आणणं, लोंबी, तूस, दहात तीन कनकी, सगळं. कोणी केलं तेवढं सोडून. साहेब खूश होऊन लिहीत होते. 'आज शाळेस भेट दिली. कापणीचे दिवस असूनही विद्यार्थ्यांना शेतातून एकत्र आणले. परिसरातील धानाचा वापर करून अपूर्णांक ही संकल्पना स्पष्ट केली. मुलांचा प्रतिसाद उत्कृष्ट.' खाली त्यांची सही, शिक्का. मीही मुख्याध्यापकाच्या जागी सही केली. इतका लांब शेरा त्या बैठकीत कोणालाच मिळाला नाही, आणि मी फुगून गोंदियाला घरी गेले.

शनिवार होता. बाबा दारातच बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या धानाला चांगला शेरा मिळाला."

त्यांचा चेहरा असा उजळला! "मंग त्यायले सांगतलं ना, का थो मी होतो म्हनून?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

"अन् त्यायनं लिवलं?"

"लिहिलं."

तिथं थांबता आलं असतं. नाही थांबले. दुसऱ्या दिवसापासून बाबा मिलमध्ये सांगत सुटले की सरकारी किताब में अपना नाम चढ गया. मग त्यांना ते बघायचं होतं. "एकडाव दाखव ना मले." मी म्हणायची, "बाबा, शेरेबुक शाळेबाहेर नेता येत नाही." हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा शेरेबुक माझ्या पिशवीत होतं, डब्याच्या खाली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

मी कायम झाले. बदलीचे अर्ज केले, पण माझ्या जागी यायला कोणी तयार नसे, त्यामुळं तिथंच राहिले. बाबा दर वर्षी म्हणायचे, यंदा दिवाळीनंतर येतो, किताबही पाहून घेईन. मी म्हणायची, या. आणि मनात म्हणायची, नका येऊ. ज्या शाळेत कोणी यावं म्हणून मी झुरत होते, तिथं येऊ बघणारा एकच माणूस होता आणि त्याला मीच टाळत होते. मग त्यांना दम लागायला लागला. तुसाची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली. दरेकशापासून दीड तास चालणं संपलं. शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या फॉर्मवर सही लागली, तेव्हा त्यांना पेन धरवेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ती मी केली. लहानपणीसारखीच.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी केंद्रप्रमुख निवृत्त झाले. तालुक्याला निरोप समारंभ, शाल, नारळ, भाषणं. साहेब बोलायला उठले. म्हणाले, नोकरीत चुका खूप झाल्या, पण एक दिवस असा आहे का थो मी विसरू शकत नाही. "दरेकशाच्या पुढं एका शाळेत गेलो. कापनीचे दिवस. मुलं बांधीत. मी सोता बांधीत उतरलो, एकेका पोराले घेऊन आलो. मंग एक लोंबी घेतली, अशी चोळली..." त्यांनी तळहात चोळून दाखवले, फुंकर मारली. "दहात तीन कनकी!"

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. शेजारचे गुरुजी मला म्हणाले, "तुमचीच शाळा ना मॅडम?" मी मान हलवली. पहिल्यांदा इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. मग त्यांच्याकडं नीट बघितलं. डोळे पुसत होते. ते खोटं बोलत नव्हते. लिहून लिहून, वाचून वाचून त्यांना खरंच ते आठवायला लागलं होतं. वीस शाळांच्या हजार खोट्या भेटींत त्यांनाही एक खरी भेट हवी होती, आणि ती मी त्यांना दिली होती. माझ्या बापाची होती, माझ्या हातानं दिली होती. त्यांच्यावर रागावायला मला जागाच उरली नव्हती.

पुढं आमच्या गावची पोरं आश्रमशाळेत जायला लागली. पट एकोणीसचा अकरा झाला, अकराचा सहा, आणि शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवण्याचं पत्र आलं. दप्तर सोपवायचं होतं. शेजारच्या शाळेचे तरुण मुख्याध्यापक दुपारी यादी घेऊन येणार होते. मी सकाळपासून एकटीच त्या खोलीत बसले होते. खिचडीवाली बाईही नव्हती, चूल आधीच बंद झाली होती. मी शेरेबुक पहिल्यापासून वाचलं. सायकलवाले निरीक्षक, कठडा, पत्राची चौकशी. मग माझी बारा वर्षं, बहुतेक सगळी त्याच साहेबांच्या अक्षरात. आणि ते एक पान.

शेवटी काही पानं कोरी होती. सरकारी कामात एक वाक्य असतं, 'नोंद राहून गेली होती, ती आज घेण्यात येत आहे.' ते वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं आहे, तांदळासाठी, खडूंसाठी, मेलेल्या कोंबडीसाठीसुद्धा. मी आजची तारीख टाकली आणि ते लिहिलं. खाली त्या जुन्या दिवसाची तारीख. 'माझे वडील शाळेत आले. मुलांना बांध्यांमधून त्यांनी आणले. अपूर्णांक त्यांनी शिकवले. पट १९, हजर १९. मी त्यांना सही करू दिली नाही.' त्याखाली मुख्याध्यापक म्हणून माझी सही केली, आणि डावीकडं लिहिलं, 'भेट देणाऱ्याची सही'.

तिथं पेन टेकवलं. ती सही मला झोपेतही आली असती. माझंच तर अक्षर. त्या वहीत एवढं खोटं होतं, आणखी एकानं काय बिघडणार होतं? पण पेन उचललं आणि जागा कोरी ठेवली.

तरुण मुख्याध्यापक आले. सगळं मोजून घेतलं, खुर्ची, घंटा, तराजू, हजेऱ्या. मग शेरेबुक उघडून शेवटचं पान बघितलं. वाचलं की नुसतं बघितलं, मला कळलं नाही. त्यांनी बोट ठेवलं.

"मॅडम, इथं सही राहून गेली."

"हो," मी म्हटलं. "राहून गेली."